कळीच्या चुन्यापासून शार्पीपर्यंत

वाशीच्या नाट्यगृहाला विष्णुदास भाव्यांचं नाव आहे. भाव्यांनी १८४३ मध्ये सांगलीत ‘सीतास्वयंवर’ केलं ते तेलाच्या दिव्यांच्या उजेडात. गंमत म्हणजे त्याआधी सहाच वर्षं, १८३७ मध्ये, लंडनच्या कॉव्हेंट गार्डन नाट्यगृहात एकट्या नटावर झोत, म्हणजे आजचा स्पॉट, टाकून झाला होता. तोही विजेशिवाय, चुन्याच्या जोरावर!

पानाला लावतो त्याच चुन्याचा हा मूळ अवतार, कळीचा चुना. ऑक्सिजन आणि हायड्रोजनच्या ज्योतीत त्याची कांडी धरली की ती वितळत नाही (त्यासाठी सुमारे २,६०० अंश सेल्सिअस लागतात), तर पांढरीशुभ्र तळपते. गोल्ड्सवर्दी गर्नी या इंग्रजाच्या हे १८२०च्या दशकात लक्षात आलं. थॉमस ड्रमंडने आयर्लंडच्या जमीनमोजणीत दूरच्या टेकडीवरची खूण दिसावी म्हणून तो उजेड वापरला, आणि तिथून तो रंगभूमीवर आला. ज्योत पडते तिथे कांडीला खड्डा पडतो, म्हणून ती सतत फिरवत राहावी लागे. एकेका दिव्यामागे एकेक माणूस.

पुढे कार्बनच्या दोन कांड्यांमधल्या विजेच्या ठिणगीने हे काम घेतलं. १८४९ मध्ये पॅरिसच्या ऑपेरात रंगमंचावर सूर्य उगवला तो याच ठिणगीतून. जुन्या टॉकीजमधल्या प्रोजेक्टरलाही असेच कार्बन लागत.

पण स्पॉटची खरी गोम नुसत्या प्रखर उजेडात नाही. साधा बल्ब चहूकडे उजेड सांडतो. स्पॉटचं काम तो गोळा करून हवा तिथे नेणं आणि बाकी सगळीकडे अंधार राखणं. दिव्यामागचा आरसा उलट दिशेला जाणारा उजेड परत फिरवतो आणि पुढचं भिंग त्याचा झोत करतं. जाडजूड भिंग दिव्याच्या उष्णतेने तडकतं. त्यावरचा तोडगा मात्र दीपगृहातून आला. फ्रेनेल या फ्रेंच अभियंत्याने १८२०च्या दशकात जाड भिंगाचा गर काढून टाकून नुसती कडी ठेवली. नाटकातल्या ‘फ्रेनेल’ दिव्याला त्याचंच नाव. त्याच्या पेटीत दिवा भिंगाजवळ सरकवला की झोत पसरतो, मागे ओढला की आवळतो. कडा मऊ राहते.

कडा धारदार हवी असेल तर प्रोफाइल स्पॉट. त्यातला आरसा लंबगोल. लंबगोलाला दोन नाभी (फोकस) असतात. एकीवर दिवा ठेवला की उजेड दुसरीपाशी एकवटतो. तिथेच पत्र्याच्या पट्ट्या सरकवून झोत चौकोनी कापता येतो, नक्षीचा पत्रा घालून पिंपळाच्या पानांची सावलीही पाडता येते. हे दिवे १९३३ च्या सुमारास अमेरिकेत आले. मला विचाराल तर प्रकाशयोजनेला खरे हात फुटले ते इथे.

ठाण्याचं गडकरी रंगायतन १९७८चं, म्हणजे हॅलोजनच्या काळातलं. हॅलोजनचा बल्ब उघड्या बोटांनी धरायचा नाही. बोटांच्या तेलकटपणाने काच तापून फुटते. डिमर, म्हणजे उजेड कमी-जास्त करायचा खटका, खाली आणला की हा बल्ब लाजल्यासारखा पिवळसर होत विझतो. एलईडी वीज वाचवते, जिलेटिनचा कागद न लावता रंग बदलते, पण साधी एलईडी तशी लाजत नाही. जुन्या प्रेक्षकाला ते खटकतं.

नाट्यगृहाबाहेर, ठाण्याच्या तलावपाळीवर गणपतीच्या मिरवणुकीत आकाशात झोत फेकताना दिसतो तो दिवा म्हणजे शार्पी. २०१० मध्ये निघालेल्या मूळ शार्पीचा दिवा २०० वॅटपेक्षाही कमी, तरी झोत भाल्यासारखा. कारण त्यात पुन्हा ती जुनी ठिणगीच आहे, फक्त काचेच्या कुपीत बंद आणि अगदी इवलीशी. उगम जितका लहान, तितका झोत सरळ आवळता येतो. स्वच्छ हवेत मात्र तो बाजूने दिसणारच नाही. आत नाट्यगृहात त्यासाठी धूर सोडावा लागतो. ठाण्यात ते काम भाद्रपदातली भुरभुर आणि रस्त्यावरची धूळ फुकटात करतात.