ओव्हरलॉकची साखळी काठाशी कापू नका

सीताबर्डी असो की गोकुळपेठ, फॉल-पिकोच्या दुकानात कापड ओव्हरलॉकला, म्हणजे काठाचे धागे निघू नयेत म्हणून तो दोऱ्यांनी वेढून शिवायला, दिलं की शेवटची कृती ठरलेली असते. काठाबाहेर लोंबणारी दोऱ्यांची साखळी कारागीर कात्रीने सफाचट करतो. काम सुबक दिसतं. मग नागपूरचा उन्हाळा लागतो, सुती कुर्ता रोज धुतला जातो आणि काही दिवसांत साइड कटापाशी टाके सुटून दशा बाहेर डोकावू लागतात.

यात दोऱ्याचा दोष क्वचितच असतो. मुळात हा टाकाच तसा घडलेला आहे. साध्या मशीनमध्ये शटल वरच्या दोऱ्याचा फास अख्ख्या बॉबिनभोवती फिरवून आणतं, त्यामुळे दोन्ही दोऱ्यांना कापडाच्या आत खरोखरची अढी बसते. ओव्हरलॉकला बॉबिनच नाही. तीन दोऱ्यांच्या मशीनला एक सुई आणि दोन लूपर, म्हणजे दोरा वाहून नेणारे वाकडे आकडे, असतात. सुई तळाशी जाऊन किंचित वर सरकते, तेव्हा तिच्याजवळ दोऱ्याचा इवलासा फास फुगतो आणि खालचा लूपर आपला दोरा घेऊन त्यात शिरतो. वरचा लूपर खालच्याच्या फासातून निघून कापडाच्या काठावर चढतो. पुढच्या टाक्याला उतरणारी सुई नेमकी त्याच्या फासातून जाते. असा प्रत्येक फास पुढच्या फासाने धरून ठेवलेला. शेवटच्या फासाला धरणारं मात्र कोणीच नाही.

कळमन्याहून आणलेल्या तांदळाच्या कट्ट्याचं तोंड असंच असतं. नेमकं टोक हाती लागलं की एका ओढीत सगळी शिवण उलगडते. तिथे एकाच दोऱ्याचा साखळी टाका असतो. ओव्हरलॉकचे तीन दोरे एकमेकांत जास्त गुंतलेले, म्हणून तो सावकाश सुटतो, पण सुटतो त्याच दिशेने, शेवटाकडून.

मग असा टाका वापरायचाच कशाला? बॉबिन नाही म्हणजे ती भरायला थांबणं नाही. कारखान्यातलं ओव्हरलॉक मिनिटाला पाच-सहा हजार टाके सहज घालतं. शिवाय शिवण ताणली जाते, कारण तिच्यात दोरा भरपूर असतो. एक मीटर साध्या टिपेला सुमारे अडीच मीटर दोरा लागतो, तीन दोऱ्यांच्या ओव्हरलॉकला सुमारे १४ मीटर. टी-शर्ट डोक्यातून काढताना शिवण तुटत नाही ती या शिलकीमुळे.

आता टोक. ते गाठीपेक्षा घर्षणाने चांगलं धरून राहतं, असं माझं ठाम मत आहे. १ जानेवारी १८७७ रोजी नागपुरात एम्प्रेस मिल ही कापडगिरणी सुरू झाली. तिथे निघणारं सूतही घर्षणावरच टिकून असायचं. कापसाचा तंतू जेमतेम इंचभर लांब. असे तंतू एकमेकांना पिळून मैलोन्‌मैल सूत निघतं, त्यात ना गाठ ना डिंक. पीळ तंतूंना एकमेकांवर दाबतो आणि ते घसरत नाहीत.

दोरा एखाद्या वस्तूला वळसा घालतो तेव्हा पकड किती वाढते, याचं गणित अठराव्या शतकात गणितज्ञ ऑयलरने मांडलं. गंमत अशी की वळशांनी पकडीत भर पडत नाही, तिचा गुणाकार होतो. घर्षणांक ०.२५ धरला तर एका पूर्ण वळशाने पकड सुमारे पाचपट होते, दोन वळशांनी तेवीसपट आणि तीन वळशांनी शंभराच्याही वर.

म्हणून साखळी दोन-तीन इंच राखायची. नखांत धरून आधी ती ओढून सरळ करायची, म्हणजे तिचे फुगलेले फास बसतात आणि ती बारीक होते. मग बोथट टोकाच्या, मोठ्या नेढ्याच्या सुईत ओवून ओव्हरलॉकच्याच दोऱ्यांखालून इंचभर मागे न्यायची आणि उरलेली कापायची. एका इंचात साधारण दहा टाके येतात. प्रत्येक टाक्यापाशी साखळी ३० अंशांनी जरी वाकली, तरी दहा टाक्यांचे ३०० आणि सुरुवातीला उलट फिरवल्याचे १८० अंश मिळून पकड आठपट होते. दोऱ्यांच्या दाबाची पकड वेगळीच. काठाशी कापलेल्या टोकाला यातलं काहीच मिळत नाही.

केसाळ स्पन पॉलिस्टरचा दोरा छान धरतो. चकचकीत रेयॉन घसरतं, तिथे दीड-दोन इंच आत न्यावं. कोरं सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं, पॉलिस्टरचा दोरा आटत नाही. मग फास सैल पडतात आणि घर्षण कमी होतं. कापड शिवण्याआधी भिजवून घेण्याचं हेही एक कारण आहे.

गाठच मारायची असेल तर ती आवळण्याआधी फासात टाचणी घालून थेट कापडापर्यंत सरकवावी. मध्ये जागा राहिली की तेवढे टाके ढिले पडणारच. पारदर्शक नेलपॉलिशचा थेंब चालतो, पण वाळल्यावर तो काखेत टोचतो आणि अ‍ॅसिटेट कापड खराब करू शकतो. अगरबत्तीचं टोक लावायचं ते फक्त पॉलिस्टरला. ते २५०-२६० अंश सेल्सिअसला वितळून टोकाची गोळी होते. सुती दोरा वितळत नाही, जळतो.

घरी मशीन असेल तर सुईसुद्धा लागत नाही. एक-दोन टाके झाले की कापड दाबून धरणारा फूट उचलून मागची साखळी पुढे आणावी, शिवणीवर ठेवावी आणि तिच्यावरूनच इंचभर शिवत जावं. शेवटी एक टाका काठाबाहेर घालून दोरे हलकेच सोडवावेत, कापड उलटवावं आणि त्याच शिवणीवर इंचभर परत यावं. या वेळी मशीनचं काठ कापणारं पातं कापडाला लागू द्यायचं नाही.

हा सगळा खटाटोप प्रत्येक टोकाला करायची गरज नाही. खांद्याच्या शिवणीवरून बाहीची शिवण गेली की ते टोक आपोआप बांधलं जातं. खरी काळजी मोकळ्या टोकांची: कुर्त्याचा साइड कट, ओढणीचा कोपरा, बाहीची मोहरी. दुकानात कापड देतानाच सांगून ठेवा, ‘दादा, टोकाला दोन इंच साखळी राहू द्या.’