ग्राफिक्स कार्ड व ड्रायव्हरमधील बिघाड : शोध आणि दुरुस्ती

घरच्या संगणकाचा पडदा काळा पडणे, त्यावर रंगीत ठिपके किंवा उभे पट्टे उमटणे, गेम चालू असताना चित्र गोठणे, मध्येच संगणक बंद पडून आपोआप पुन्हा सुरू होणे, अशा तक्रारींचे मूळ शोधून ते दूर करण्याचे काम. दुरुस्तीच्या दुकानात या सगळ्या तक्रारी ‘डिस्प्ले येत नाही’ या एकाच वाक्यात सांगितल्या जातात. दोष मात्र केबलमध्ये, ड्रायव्हरमध्ये (कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये), वीजपुरवठ्यात, स्लॉटमधल्या (कार्ड बसते त्या खाचेतल्या) जोडणीत, पंख्यात किंवा खुद्द चिपमध्ये, कुठेही असू शकतो. चिप सोडली तर बाकी सर्व काही घरी, जवळजवळ फुकटात तपासता येते. नवे कार्ड महाग असते, म्हणून ते विकत घेण्याआधी ही तपासणी पुरी करावी. घाईने कार्ड बदलून दोष तसाच राहिल्याची उदाहरणे थोडी नाहीत.

ग्राफिक्स कार्डावर चित्राची गणिते करणारी चिप (जीपीयू), तिची स्वतःची मेमरी, विजेचा दाब नियंत्रित करणारे परिपथ आणि हीटसिंक (चिपची उष्णता ओढून घेणारा धातूचा भाग) व पंखे असतात. जीपीयू हा शब्द एनव्हीडिया या चिपा बनवणाऱ्या कंपनीने १९९९ मधल्या ‘जीफोर्स २५६’ या कार्डाच्या जाहिरातीतून रूढ केला. बऱ्याच प्रोसेसरांत चित्रासाठीचा भाग आतच असतो. त्याला बोलीत ‘ऑनबोर्ड’ म्हणतात. गेमसाठी तो तोकडा पडत असला, तरी बिघाड शोधताना फार उपयोगी ठरतो. कार्ड काढून मॉनिटरची केबल मदरबोर्डच्या (संगणकातल्या मुख्य परिपथ-फलकाच्या) पोर्टला लावली आणि चित्र नीट आले, तर मॉनिटर, केबल आणि बाकीचा संगणक बहुतांशी संशयातून सुटतो. इंटेलच्या ज्या प्रोसेसरांच्या क्रमांकाशेवटी ‘एफ’ असते, त्यांत ही सोय नसते. याची उलट चूकही नेहमी घडते : कार्ड बसवलेले असते, पण केबल मदरबोर्डलाच लावलेली असते आणि ‘नवीन कार्ड चालत नाही’ अशी तक्रार होते.

दोष कधी दिसतो? सगळ्या तपासणीत हा प्रश्न सर्वांत मोलाचा आहे. बटण दाबल्यावर आधी बायोस (मदरबोर्डवरचा, संगणक सुरू करून देणारा प्रोग्रॅम) जागे होते, मग विंडोजचे चिन्ह येते आणि त्यानंतर खरा ड्रायव्हर चढतो. बायोसच्या पडद्यावरच अक्षरे फुटलेली दिसत असतील, तर त्या क्षणी ड्रायव्हर चालूच झालेला नसतो. दोष यंत्रात आहे. मग विंडोज ‘फॉरमॅट मारून’ काहीही साधत नाही, उलट घरातले फोटो आणि मुलांचे प्रोजेक्ट जाण्याची भीती. विंडोजचे चिन्ह नीट येऊन लॉगिनच्या जरा आधी पडदा काळा होत असेल, तर ड्रायव्हरकडे आधी पाहावे. काहीच न येता नुसते बीप वाजत असतील, तर ते मोजावेत. अवॉर्ड कंपनीच्या बायोसमध्ये एक लांब आणि दोन आखूड बीप, तर एएमआय कंपनीच्या बायोसमध्ये आठ बीप ही चित्रयंत्रणेच्या दोषाची खूण आहे. हल्लीच्या पुष्कळ मदरबोर्डांवर बीपऐवजी ‘व्हीजीए’ लिहिलेला बारीक दिवा पेटून राहतो.

पडद्यावर पट्टे दिसत असतानाच स्क्रीनशॉट घ्यावा आणि तो मोबाइलवर पाठवून पाहावा. पट्टे मोबाइलवरही दिसले, तर ते मेमरीत तयार होत असलेल्या चित्रातच आहेत, म्हणजे कार्ड किंवा ड्रायव्हर दोषी. मोबाइलवर चित्र स्वच्छ असेल, तर आधी केबल, पोर्ट आणि मॉनिटर बदलून पाहावे. ही चाचणी मिनिटभराची आहे, तरी फार थोडे लोक ती करतात.

ड्रायव्हर : प्रोग्रॅमच्या सर्वसाधारण सूचनांचे त्या विशिष्ट चिपला कळणाऱ्या सूचनांत रूपांतर करणारे हे सॉफ्टवेअर घरच्या संगणकावरील अत्यंत गुंतागुंतीच्या सॉफ्टवेअरपैकी एक आहे. २००७ च्या जानेवारीत विंडोज व्हिस्टा बाजारात आली तेव्हा ड्रायव्हरची रचनाच बदलली होती. पुढे अमेरिकेतल्या एका खटल्यात मायक्रोसॉफ्टचे अंतर्गत ईमेल उघड झाले, त्यांत २००७ मध्ये नोंदल्या गेलेल्या व्हिस्टाच्या क्रॅशपैकी सुमारे २९ टक्के एनव्हीडियाच्या ड्रायव्हरांच्या नावावर होते. मार्च २०१० मध्ये याच कंपनीला १९६.७५ क्रमांकाचा ड्रायव्हर मागे घ्यावा लागला, कारण त्याने पंख्याच्या वेगाचे नियंत्रण बिघडून कार्डे तापत होती. ड्रायव्हरमुळे यंत्रालाही इजा पोचू शकते, हे त्या प्रकरणाने दाखवून दिले.

व्हिस्टाच्या नव्या रचनेचा एक मोठा फायदाही झाला. हाती घेतलेले काम जीपीयूने दोन सेकंदांत पुरे केले किंवा सोडले नाही, तर विंडोज सगळा संगणक बंद न पाडता जीपीयू आणि ड्रायव्हर नव्याने सुरू करते. पडदा क्षणभर काळा होऊन परत येतो आणि इव्हेंट व्ह्यूअर या विंडोजच्या नोंदवहीत ४१०१ क्रमांकाची नोंद पडते. सावरणे जमले नाही, तर निळा पडदा येऊन ‘व्हिडिओ टीडीआर फेल्युअर’ असा मजकूर दिसतो. ही दोन सेकंदांची मुदत रजिस्ट्रीतून (विंडोजच्या अंतर्गत सेटिंगांच्या साठ्यातून) वाढवण्याचा सल्ला इंटरनेटवर सर्रास मिळतो. रेंडरिंगसारखी (त्रिमितीय चित्रे तयार करण्यासारखी) लांबलचक कामे करणाऱ्यांना त्याचा उपयोग आहे. इतरांनी त्याच्या नादी लागू नये : जीपीयू का अडकतो हे त्यातून कळत नाही, फक्त गोठलेला पडदा अधिक वेळ पाहावा लागतो. पडदा अचानक काळा होऊन तसाच राहिला, तर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही बटणे एकदम दाबावीत. ड्रायव्हर नव्याने सुरू होतो आणि पुष्कळदा उघडी असलेली कामे वाचतात.

ड्रायव्हरचा दोष बहुधा तारखेला बांधलेला असतो. अपडेटच्या दुसऱ्या दिवसापासून त्रास सुरू झाला, किंवा ठरावीक गेममध्ये ठरावीक जागीच चित्र फुटते, अशी हकिकत असेल तर विंडोजमधल्या डिव्हाइस मॅनेजरमधून ‘रोल बॅक’ करून आधीची आवृत्ती आणावी. ते पुरले नाही, तर इंटरनेट तोडून संगणक सेफ मोडमध्ये (कमीत कमी सॉफ्टवेअर चढवणाऱ्या अवस्थेत) सुरू करावा, डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर (डीडीयू) या मोफत प्रोग्रॅमने जुन्या ड्रायव्हरचे सर्व अवशेष पुसावेत आणि आधीच उतरवून ठेवलेला ड्रायव्हर बसवावा. इंटरनेट तोडण्याचे कारण असे, की ते चालू असल्यास पुसापुशी संपते न संपते तोच विंडोज स्वतःच्या साठ्यातला ड्रायव्हर बसवून टाकते. लॅपटॉपसाठी आधी लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरचा ड्रायव्हर वापरून पाहणे बरे.

इथे एक फसवी जागा आहे. सेफ मोडमध्ये सगळे नीट चालते आणि ड्रायव्हर बसवला की पडदा जातो, एवढ्यावरून ‘ड्रायव्हरच खराब’ असा निकाल अनेक जण देतात. सेफ मोडमध्ये मायक्रोसॉफ्टचा प्राथमिक ड्रायव्हर चालतो आणि तो चिपचा फार थोडा भाग वापरतो. त्रिमितीय कामाचे भाग आणि पूर्ण वेगाची मेमरी खरा ड्रायव्हर आल्यावरच कामाला लागते, आणि दोष तिथेच असला तर तो तेव्हाच उघडा पडतो. म्हणून दोन-तीन वेगवेगळ्या काळातले ड्रायव्हर स्वच्छ बसवूनही तेच घडत असेल, तर ड्रायव्हरला दोष देणे थांबवावे. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘कोड ४३’ दिसणे म्हणजे कार्डाने किंवा त्याच्या ड्रायव्हरने अडचण कळवल्यावरून विंडोजने कार्ड थांबवले आहे. हा कोडही यंत्र आणि ड्रायव्हर या दोन्हींकडे बोट दाखवतो. लिनक्सचा (विंडोजऐवजी चालणाऱ्या एका मोफत प्रणालीचा) पेन ड्राइव्ह लावून संगणक सुरू करणे ही आणखी एक निर्धोक परीक्षा. त्यात हार्ड डिस्कला हात लागत नाही, आणि तिथेही तसेच ठिपके दिसले तर विंडोज निर्दोष ठरते. लिनक्स सुरू होतानाच पडदा काळा पडत असेल, तर लिनक्स सुरू करणाऱ्या आज्ञेच्या ओळीत ‘नोमोडसेट’ (nomodeset) हा शब्द घालून पाहावा.

जोडणी आणि वीज : पीसीआय एक्स्प्रेस स्लॉटमधून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॉट मिळतात. त्याहून अधिक वीज एसएमपीएसच्या (संगणकाला वीज पुरवणाऱ्या डब्याच्या) केबलमधून यावी लागते : सहा पिनांच्या प्लगमधून ७५ आणि आठ पिनांच्या प्लगमधून १५० वॉट. साधी कामे नीट चालतात आणि गेम उघडताच संगणक एकदम बंद होतो, असे असेल तर एसएमपीएस कमी पडत असल्याचा संशय प्रथम घ्यावा. त्याच्या लेबलवरचा मोठा आकडा पाहून समाधान मानू नये. १२ व्होल्टच्या रांगेत किती अँपिअर लिहिले आहेत ते वाचावे, कारण कार्डाला वीज तिथून मिळते. २०२२ मध्ये आलेल्या नव्या सोळा पिनांच्या जोडणीतून ६०० वॉटपर्यंत वीज जाते. ‘आरटीएक्स ४०९०’ या कार्डावर तो प्लग वितळल्याच्या तक्रारी त्याच वर्षी आल्या, आणि तो पूर्ण आत न बसणे हे त्यामागचे एक प्रमुख कारण निघाले. सुधारित रूपात संवेदक पिना आखूड केल्या आहेत, म्हणजे प्लग अर्धवट राहिला तर वीज सुरू होऊ नये.

कार्ड काढून पुन्हा बसवणे हा सर्वांत जुना उपाय आहे आणि तो खरोखर लागू पडतो. वीज बंद करून केबल काढावी, संगणकाचे बटण काही सेकंद दाबून उरलीसुरली वीज जाऊ द्यावी, अंगावरचा स्थिर विद्युतभार कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावून घालवावा. कार्ड कॅबिनेटला बांधणाऱ्या धातूच्या पट्टीचा स्क्रू काढला तरी कार्ड निघत नाही, कारण स्लॉटच्या टोकाला प्लॅस्टिकचा एक खटका असतो. तो दाबल्याशिवाय ओढले तर खटका तुटतो, कधी स्लॉटही. कार्डाच्या कडेला सोनेरी पट्ट्यांची रांग दिसते. सोन्याचा मुलामा गंजत नाही, पण कोकणात किंवा मुंबईत दोन पावसाळे काढलेल्या संगणकात त्या पट्ट्यांवर ओलसर धुळीचा मळकट थर बसलेला असतो. शाळेतल्या मऊ पांढऱ्या खोडरबराने पट्ट्यांच्या दिशेने हलकेच पुसले, की कापडावर काळसर भुकटी पडते आणि खालची चकाकी वर येते. शाईचा खरखरीत खोडरबर वापरू नये, त्याने मुलामाच निघतो. शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलचा बोळा फिरवून, वाळू देऊन कार्ड बसवावे. खटक्याचा ‘टक’ असा आवाज ऐकू आला पाहिजे. जड कार्डे आपल्या वजनाने पुढच्या टोकाला झुकतात आणि जोडणी ढिली होते. त्यांना खालून आधार द्यावा.

उष्णता : पूर्ण भाराखाली कार्डाचे तापमान ६५ ते ८५ अंश सेल्सिअसच्या आसपास राहणे नेहमीचे आहे. जीपीयू-झेड किंवा एचडब्ल्यूइन्फो या मोफत प्रोग्रॅमांत ते दिसते. गेम सुरू केल्यावर दहा-पंधरा मिनिटांनी ठिपके येतात आणि संगणक थंड झाल्यावर जातात, तर उष्णतेचा विचार करावा. धूळ काढताना ब्लोअरच्या झोताने पंखा भरधाव फिरू देऊ नये, पाते बोटाने धरून ठेवावे. नाहीतर बेअरिंग जाते. बरीच नवी कार्डे रिकामी असताना पंखे मुद्दाम थांबवतात, तो बिघाड नव्हे. चिप आणि हीटसिंक यांच्यामधली वाळलेली थर्मल पेस्ट (उष्णता वाहून नेणारा लेप) बदलल्यावर जुन्या कार्डाचे तापमान चांगलेच उतरते. ते करताना मेमरीवरच्या थर्मल पॅडची (उष्णता वाहून नेणाऱ्या मऊ चकतीची) जाडी मूळच्याइतकीच ठेवावी लागते, नाहीतर हीटसिंक चिपवर नीट टेकत नाही.

चिप व मेमरी : संपूर्ण पडद्यावर समान अंतराने येणारे चौकोन किंवा ठिपके ही बहुधा मेमरीच्या दोषाची खूण असते. जुलै २००८ मध्ये एनव्हीडियाने लॅपटॉपमधल्या काही चिपा अपेक्षेपेक्षा जास्त संख्येने निकामी होत असल्याचे मान्य करून १५ ते २० कोटी डॉलरची तरतूद जाहीर केली होती. चिपच्या वेष्टनातले साहित्य तापणे आणि निवणे यांच्या फेऱ्यांत टिकत नव्हते. त्या सुमारास मेलेले कार्ड ओव्हनमध्ये भाजण्याचा उपाय जगभर पसरला, आणि आपल्याकडच्या दुकानांतून आजही हॉट एअर गनने ‘हीट देऊन’ कार्ड परत दिले जाते. त्याने चिपच्या आतला तुटका सांधा प्रसरणामुळे तात्पुरता जुळतो आणि काही दिवसांत किंवा आठवड्यांत पुन्हा सुटतो. ही दुरुस्ती नव्हे, आणि तिच्यासाठी ग्राहकाकडून पूर्ण पैसे घेणे अन्यायाचे आहे. तीच जुनी चिप ठेवून नुसते रिबॉलिंग (चिपखालचे डाखाचे गोळे नव्याने बसवणे) केल्यानेही आतला सांधा सुधारत नाही. याउलट दोष एका मेमरी चिपपुरता असेल, तर चिप लेव्हलचे काम जाणणारा कारागीर नेमकी कोणती ते शोधून बदलू शकतो, आणि असे कार्ड पुढे वर्षानुवर्षे चालते.

संगणक दाखवतो त्या संदेशातल्या नावावरही विसंबून चालत नाही. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीच्या काही प्रोसेसरांवर अनेक गेम ‘व्हिडिओ मेमरी संपली’ असे सांगून बंद पडत. लोकांनी कार्डे बदलून पाहिली, ड्रायव्हर पुसले. दोष निघाला प्रोसेसरमध्ये, त्याला जाणाऱ्या जास्त व्होल्टेजमध्ये, आणि २०२४ च्या ऑगस्टमध्ये इंटेलने त्यासाठी मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांची दुरुस्ती) दिला. रॅमचा दोषही असाच कार्डाच्या दोषासारखा दिसतो. म्हणून ओव्हरक्लॉकिंग (ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवणे) केलेले असल्यास आधी सर्व काही मूळ वेगावर आणावे, रॅमची चाचणी रात्रभर चालवावी, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलावी. शेवटची खात्री अदलाबदलीनेच होते : आपले कार्ड मित्राच्या संगणकात आणि त्याचे आपल्याकडे. दोष कार्डाबरोबर तिकडे गेला तर कार्ड, इकडेच राहिला तर दुसरे काही.

जुनी कार्डे घेताना : १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियम या आभासी चलनाने मायनिंगची (संगणकाकडून सतत गणिते करवून नाणी मिळवण्याची) पद्धत सोडली आणि दिवसरात्र राबलेली कार्डे जगभरच्या जुन्या बाजारात आली. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा कुठेही असे कार्ड घेताना, पैसे देण्याआधी ते अर्धा तास पूर्ण भाराखाली चालवून दाखवायला सांगावे आणि तापमानाचा आकडा स्वतः पाहावा. मायनिंगसाठी अनेकांनी कार्डाचे स्वतःचे बायोस (मदरबोर्डच्या बायोसहून वेगळे) बदललेले असते, आणि त्यामुळेही ड्रायव्हर बसवल्यावर कोड ४३ येतो. मूळ बायोस परत भरले की असे कार्ड पुष्कळदा पूर्ववत चालू लागते.