मृदाशास्त्रज्ञ (खानदेशातलं काम आणि करिअर)

मृदाशास्त्रज्ञ म्हणजे जमिनीत काय कमी, काय जास्त आणि त्यावर काय करायचं हे सांगणारा कृषी शास्त्रज्ञ. खानदेशात म्हणजे जळगाव, धुळे, नंदुरबार या जिल्ह्यांत त्याचं काम जास्त करून तापीकाठच्या खोल काळ्या जमिनीत आणि सातपुड्याच्या पायथ्याच्या मुरमाड जमिनीत चालतं.

करिअरचा रस्ता ठरलेला आहे. बारावी सायन्स, मग चार वर्षांची बीएससी ॲग्री, दोन वर्षांची एमएससी, पुढे पीएचडी. इकडची बरीच पोरं धुळ्याच्या कृषी महाविद्यालयात शिकतात, ते राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाखाली येतं (स्थापना 1968). नोकरी विद्यापीठात, कृषी विज्ञान केंद्रात, माती परीक्षण प्रयोगशाळेत नाहीतर खताच्या कंपनीत. विद्यापीठाचा पसारा कोल्हापूरपर्यंत आहे, त्यामुळे बदली झाली की जन्मभर चुनखडीची जमीन बघितलेला माणूस एकदम तिकडच्या तांबड्या आम्लधर्मी मातीत जाऊन पडतो आणि अर्धा अभ्यास पुन्हा करावा लागतो.

काळ्या मातीत फुगणारी चिकणमाती भरपूर, म्हणून उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसाळ्यात पाय निघत नाही. सामू (पीएच, म्हणजे माती आम्ल की अल्कधर्मी याचा आकडा) बऱ्याच ठिकाणी 8 च्या वर, त्यात चुनखडी, मग स्फुरद (फॉस्फरस) आणि लोह जमिनीत असूनही पिकाला मिळत नाही. म्हणून इथे स्फुरद मोजायला ओल्सन पद्धत वापरतात, ती अशाच जमिनीसाठी आहे. सेंद्रिय कर्ब (कुजलेल्या पालापाचोळ्या-शेणातून आलेला कार्बन) मोजायची वॉकली-ब्लॅक पद्धत 1934 ची, आजही तीच चालते: माती, डायक्रोमेट, सल्फ्युरिक ॲसिड, आणि ब्युरेटमधून (मापाच्या खुणा असलेली काचेची नळी) द्रावण थेंब थेंब सोडताना जांभळट रंग एकदम हिरवा झाला की तिथेच थांबायचं, एक थेंब जास्त गेला की आकडा चुकला.

पण खरी गडबड लॅबच्या आधीच होते. नमुना घेताना इंग्रजी व्ही आकाराचा खड्डा करून 20-22 सेंमी खोलीपर्यंतची माती घ्यायची, शेतात बऱ्याच ठिकाणांहून, एकत्र करून चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकायचे, असं करत अर्धा किलो उरवायची आणि सावलीत वाळवायची. प्रत्यक्षात काय, बांधावरून किंवा उकिरड्याजवळून एक मूठ उचलून खताच्या गोणीच्या तुकड्यात बांधून आणतात. मग रिपोर्टमध्ये कर्ब मस्त दिसतो आणि शेतात पीक खुरटलेलं. फेब्रुवारी 2015 मध्ये मृदा आरोग्य पत्रिका योजना आली, कार्डं घरोघर गेली, पण कार्ड वाचून खत बदलणारे माझ्या मते अजून कमीच.

फोन मात्र सतत चालू असतात. "साहेब, कपाशी लाल पडी ऱ्हायनी" हा पारोळा-चाळीसगावकडचा नेहमीचा. पानं लाल पडणं म्हणजे लाल्या, हा रोग नाही, बहुतेक वेळा मॅग्नेशियम आणि नत्राची (नायट्रोजनची) कमतरता, म्हणून मॅग्नेशियम सल्फेट आणि युरियाची फवारणी सांगतात. रावेर-यावलकडे प्रश्न केळीचा, पालाश (पोटॅश) खूप खाणारं पीक, ड्रिपमधून खत किती आणि कधी सोडायचं यावरच चर्चा.

चोपण जमिनीत सोडियम जास्त, पाणी मुरत नाही, तिथे माती तपासून जिप्सम देतात, ते मातीला चिकटलेला सोडियम सोडवतं, पण आधी निचऱ्याचे चर काढावे लागतात, नाहीतर सुटलेला सोडियम जाणार कुठे.