शिवी लागते कुठे?

गेल्या आठवड्यात सकाळच्या लोकलमध्ये, घाटकोपर सुटल्यावर, दारापाशी उभ्या एका काकांनी नवऱ्यासोबत उभ्या असलेल्या बुरख्यातल्या बाईकडे पाहत अख्ख्या डब्याला ऐकू जाईल असं म्हटलं, "ह्या लोकांना गाडीत चढूच देऊ नये." पंचविशीचा एक मुलगा उसळला. त्याने काकांना आईवरून शिवी हासडली आणि पाठोपाठ म्हणाला, "तिकीट तिनेही काढलंय." हे दुसरं वाक्य कुणाच्या कानात शिरलंच नाही. दादर येईपर्यंत डबा भांडत राहिला तो शिवीवरून. "बायका आहेत इथे, तोंड सांभाळ!" काकांचं बोलणं बाजूलाच राहिलं, उलट अपमान झाला तो त्यांचाच.

अशा वेळी शिवी द्यावी का, हा प्रश्न आपण संस्कारांच्या खात्यात टाकतो. मला तो शरीरशास्त्राचाही वाटतो.

तळहातावर घामाच्या ग्रंथी फार दाट असतात आणि त्या उकाड्यापेक्षा भावनेला जास्त जुमानतात. परीक्षेत पेन निसटतं ते त्यांच्यामुळे. मनाला धक्का बसला की सिम्पथेटिक चेता, म्हणजे ताणाच्या क्षणी शरीराला सज्ज करणाऱ्या नसा, या ग्रंथींना इशारा देतात, त्यांच्या बारीक नळ्यांमध्ये खारट घाम चढतो, आणि खारं पाणी वीज वाहून नेतं हे आपण शाळेत शिकलोच आहोत. दोन बोटांना इलेक्ट्रोड लावून अगदी क्षीण विद्युतदाब दिला की त्वचेची वाहकता मायक्रोसीमेन्समध्ये मोजता येते. शब्द कानावर पडल्यावर साधारण १ ते ३ सेकंदांत आलेख चढू लागतो, माणूस चेहरा कितीही कोरा ठेवो. सिम्पथेटिक चेता शरीरात बहुतेक ठिकाणी नॉरॲड्रेनॅलिन सोडतात, पण घामाच्या ग्रंथींपाशी मात्र ॲसिटिलकोलीन, म्हणजे एरवी विरुद्ध गटाच्या पॅरासिम्पथेटिक चेता वापरतात ते रसायन. म्हणूनच ॲसिटिलकोलीनला अडवणारं ॲट्रोपीन हे औषध दिलं की तळहात कोरडे पडतात. या एका अपवादावर मी तासभर बोलू शकेन!

तळतळाट लागतो, शाप लागतो म्हणतात. कुणाचं वाटोळं करण्याची ताकद शब्दात नसते. शब्द लागतो तो इथे, ऐकणाऱ्याच्या चेतासंस्थेत, आणि तेही त्याला अर्थ कळला तरच.

२००३ साली बॉस्टनमध्ये मानसशास्त्रज्ञ कॅथरिन हॅरिस आणि सहकाऱ्यांनी तुर्की मातृभाषेच्या लोकांवर हीच मोजणी केली. इंग्रजी ते वयाच्या बाराव्या वर्षानंतर शिकलेले होते. शिव्यांना दोन्ही भाषांत तळहात ओलावले, तुर्कीत जास्त. पण दोन भाषांतला फरक सगळ्यात ठळक दिसला तो लहानपणी खाल्लेल्या बोलण्यांमध्ये, "लाज नाही वाटत?" या धाटणीच्या वाक्यांमध्ये. मुंबईत इंग्रजी शिवी तोंडातून किती सहज सुटते आणि मराठीत आजीसारखं कुणी रागावलं की पोटात कसा गोळा येतो, ते आठवून पाहा.

शिवीचा फायदा देणाऱ्यालाही होतो. मानसशास्त्रज्ञ रिचर्ड स्टीफन्स यांच्या २००९ च्या प्रयोगात बर्फगार पाण्यात हात बुडवलेले विद्यार्थी शिवी देत असताना जास्त वेळ टिकले. २००६ च्या एका अमेरिकी प्रयोगात तर सौम्य अपशब्द घातलेलं भाषण श्रोत्यांना जास्त पटलं. पण तो अपशब्द कुणाच्या आईवर जाणारा नव्हता. आपली नेहमीची शिवी जाते ती अशा बाईवर, जी डब्यात हजरही नसते. एका बाईचा अपमान थांबवायला दुसरीचा करायचा, हे मला पटत नाही.

शिवाय शिवी लक्ष ओढून घेते. छापलेल्या शब्दाचा अर्थ सोडून फक्त शाईचा रंग सांगा म्हटलं, तरी शब्द अश्लील असला की उत्तराला उशीर होतो. लोकलमध्ये तिकिटाचं वाक्य याच कारणाने बुडालं, असा माझा तर्क आहे.

त्या मुलाचा राग शंभर टक्के योग्य होता आणि डब्यात उठला तो एकटाच. "काका, तिकीट तिनेही काढलंय. लाज नाही वाटत असं बोलायला?" एवढंच, वरच्या पट्टीत, मराठीत, पुरलं असतं. आणि त्याच क्षणी त्याच्या खांद्याशी उभ्या असलेल्या मी "बरोबर बोलतोय तो" असं म्हणायला हवं होतं.