मातृगट, ऑनलाइन (ठाणे व नवी मुंबई)

मातृगट, ऑनलाइन : गरोदर स्त्रिया आणि लहान मुलांच्या आया यांनी परस्परांना आधार, माहिती व सोबत मिळावी म्हणून व्हॉट्सॲप, फेसबुक यांसारख्या माध्यमांवर चालवलेले गट. बोलण्यात त्यांना ‘आयांचा ग्रुप’ म्हणतात. ठाणे आणि नवी मुंबईत असे गट बहुधा एका गृहसंकुलापुरते, एका सेक्टरपुरते किंवा फार तर एका नोडपुरते (नवी मुंबईतील आखीव उपनगरापुरते) असतात, आणि त्यांचे बळ या आखूड भूगोलातच आहे.

पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत महाराष्ट्रात जुनी आहे. ओल्या बाळंतिणीचे सव्वा महिन्याचे खाणेपिणे, शेकशेगडी आणि बाळाची अंघोळ ही कामे आई, आजी आणि तेल लावायला येणारी बाई वाटून घेत. पुढे लेक सासरी परतली की चाळीतला किंवा वाड्यातला शेजार तिला सांभाळून घेई. ऑनलाइन गटांनी माहेराची जागा घेतली असे अनेकदा म्हटले जाते, परंतु ते नेमके नाही. लेक आजही माहेरी जाते, किंवा तिची आई काही आठवडे येऊन राहते. विरला आहे तो त्यानंतरचा शेजार, म्हणजे ज्या ओट्यावर बसून ‘तुझं रात्री किती वेळा उठतं गं?’ असे सहज विचारता येत असे तो ओटा, आणि हे गट त्याची जागा भरू पाहतात.

या शहरांची घडण त्यास कारणीभूत आहे. सिडको या शासकीय नगरनियोजन महामंडळाची स्थापना १९७० मध्ये झाली आणि वाशी, नेरूळ, बेलापूर, ऐरोली, खारघर असे नोड व त्यांचे सेक्टर आखून नवी मुंबई वसवण्यात आली. म्हणजे येथील बहुसंख्य कुटुंबे गेल्या दोन-तीन पिढ्यांतच बाहेरून आलेली आहेत. कोपरखैरणे व घणसोली येथील माथाडी वसाहतींतील कित्येक घरांचे गाव साताऱ्याकडे, घाटापलीकडे आहे. ठाण्यात घोडबंदर रस्त्यालगतच्या उंच इमारतींतही हाच प्रकार दिसतो : एका मजल्यावर चार दारे असतात आणि चारही बंद असतात. याउलट दिवाळे, करावे यांसारख्या आगरी-कोळी वस्तीच्या मूळ गावांत अनेक घरांचे नातेवाईक हाकेच्या अंतरावर असतात आणि बाळाला क्षणभर घेणारे हात अजून मिळतात. २५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी लागू झाली, तेव्हा माहेरचा प्रवास आणि मालीशवाल्या मावशी दोन्ही एकदम बंद झाले. त्या काळात बाळंत झालेल्या अनेक स्त्रियांना हा गट हाच एकमेव शेजार उरला.

गटातील संभाषणाची मुख्य वेळ रात्रीची असते. पहाटे तीनला ‘कुणी जागं आहे का?’ एवढाच निरोप येतो आणि चार-पाच जणींचे उत्तर येते. त्यातील वैद्यकीय मजकूर नगण्य असतो. आपल्यासारखीच आणखी एक बाई समोरच्या इमारतीत दिवा लावून बसली आहे, एवढे कळणेच त्यातून साधते. सदस्यांचे क्रमांक फोनमध्ये ‘अमक्याची आई’ या नावानेच साठवलेले असतात. चाळीतही हीच रीत होती, त्यामुळे तिला ऑनलाइन जगाची देणगी मानण्याचे कारण नाही.

मातृत्व लाभ कायद्यातील २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी सवेतन रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवडे झाली, आणि ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय बंधनकारक झाली. रजेपैकी जास्तीत जास्त आठ आठवडे प्रसूतीपूर्वी घेता येत असल्याने आई कामावर परतते तेव्हा बाळ साधारण चार ते सहा महिन्यांचे असते. गटातील प्रश्न येथे बदलतात. कोणते पाळणाघर लोकल चुकली तरी साडेसातपर्यंत मूल ठेवते, काढून ठेवलेले दूध किती वेळ टिकते, असे ते असतात. २५ अंश सेल्सिअसपर्यंतच्या तापमानात दूध चार तास ठेवता येते, असा सर्वसाधारण निर्देश आहे. ठाण्यातील एप्रिलमध्ये पंख्याखालची खोलीसुद्धा या मर्यादेच्या वर जाते, म्हणून बर्फाची पिशवी किंवा फ्रीज लागतो. असा स्थानिक खुलासा पुस्तकात सहसा सापडत नाही, गटात सापडतो.

औषधांच्या बाबतीत मात्र गटाचा सल्ला धोक्याचा ठरू शकतो. तापावर दिल्या जाणाऱ्या पॅरासिटामॉलच्या थेंबांत दर मिलीलीटरला १०० मिलिग्रॅम औषध असते, तर नेहमीच्या सिरपमध्ये दर पाच मिलीलीटरला १२० मिलिग्रॅम असते. ‘आम्ही दोन एमएल दिलं’ हे वाक्य बाटली न सांगता लिहिले गेल्यास मात्रेत चौपट फरक पडतो. बाळगुटीत किंवा चाटणात मध घालण्याचा सल्लाही अधूनमधून येतो. एक वर्षाखालील बाळास बोट्युलिझम या जिवाणूजन्य विषबाधेच्या भीतीने मध देऊ नये, असे बालरोगतज्ज्ञ सांगतात. दूध कमी पडणाऱ्या बाळासाठी गटातच दुसरीचे दूध मागण्याचा प्रकार सद्हेतूने होत असला तरी सुरक्षित नाही. मुंबईत शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात १९८९ मध्ये सुरू झालेल्या दुग्धपेढीसारख्या ठिकाणी दात्या मातेची तपासणी आणि दुधाचे पाश्चरीकरण होते. शिशुदुग्धपर्यायांच्या जाहिरातीस १९९२ च्या कायद्याने बंदी आहे, त्यामुळे गटात अनुभवाच्या रूपाने येणाऱ्या डब्याच्या दुधाच्या शिफारशीकडे जागरूक ॲडमिन संशयानेच पाहतात.

प्रसूतीनंतरचे आईचे रडू व चिडचिड पहिल्या दोन आठवड्यांत बहुधा ओसरते. ती त्यापुढे टिकली तर नैराश्याचा विचार करावा लागतो. त्याच्या चाचपणीसाठी १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेली दहा प्रश्नांची एडिंबरो मापनी वापरतात. निदान करणे हे गटाचे काम नव्हे. रोज बोलणारी बाई आठवडाभर गप्प आहे, हे मात्र घरच्यांच्या आधी गटाच्या ध्यानात येऊ शकते. अशा वेळी ‘टेलि-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक देणे आणि शक्य असल्यास दार वाजवणे या दोन गोष्टी होतात. दुसरी गोष्ट एकाच सेक्टरातल्या गटालाच जमते.

गटात प्रवेश सहसा ओळखीने मिळतो. ‘सुप्रभात’चे संदेश टाकू नयेत, विक्री ठरावीक वारीच करावी, मुलांचे फोटो बाहेर पाठवू नयेत, असे नियम असतात. सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी, सामायिक हेतू दिसल्याशिवाय, ॲडमिनला जबाबदार धरता येत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये म्हटले. पाळणे, सायकली, आखूड झालेले स्वेटर यांची देवघेव चालते.

मैत्री पक्की होते ती प्रत्यक्ष भेटीत. संक्रांत ते रथसप्तमी या काळात गृहसंकुलाच्या सभागृहात दहा-बारा मुलांचे बोरन्हाण एकत्र होते : हलव्याचे दागिने घातलेली मुले मध्ये बसवून त्यांच्यावर चुरमुरे, बोरे आणि उसाचे करवे ओततात, मोठी भावंडे ती वेचायला धावतात, आणि वर्षभर केवळ फोनवर बोललेल्या बायका एकमेकींना आवाजावरून ओळखतात. घरोघरी वेगवेगळा होणारा हा विधी गटांमुळे सामुदायिक होत चालला आहे.

या गटांना मर्यादाही आहेत. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५४ टक्क्यांकडे स्वतः वापरायचा मोबाइल होता आणि ३३ टक्क्यांनीच कधी ना कधी इंटरनेट वापरले होते. संकुलांतील पुष्कळ गटांत हिंदी-इंग्रजी चालते, आणि मराठी आया त्यातच आपला छोटा वेगळा गट काढतात. गटात सर्वांत अधिक वेळा जिचा क्रमांक मागितला जातो ती मालीशवाली मावशी अनेकदा स्वतः लेकुरवाळी असते, पण त्या गटात ती नसते. तिच्या बाळाचे वजन आणि लस यांची चौकशी वस्तीतील अंगणवाडी सेविका आणि ‘आशा’ आरोग्यसेविका करतात.