कोरड्या तोंडावरचे नैसर्गिक उपाय आणि उपशामक शुश्रूषा : पार्श्वभूमी

आजार बरा होण्यापलीकडे गेला की उपशामक शुश्रूषेत, म्हणजे त्रास हलका करण्यासाठीच्या शुश्रूषेत, रुग्णाच्या तक्रारींत तोंडाला कोरड पडण्याची तक्रार हमखास येते. मॉर्फिनसारखी औषधे, ऑक्सिजन, तोंडाने चाललेला श्वास, डोक्या-मानेला दिलेले किरणोपचार अशा अनेक कारणांनी लाळ आटते; मग जिभेवर थर चढतो, ओठांना भेगा पडतात, बुरशी वाढते आणि बोलणेही जड होते. त्यावर मध, मीठ, खाण्याचा सोडा, तेल, लिंबू, अननस असे जे उपाय सुचवले जातात, ते सगळे सारख्या योग्यतेचे नाहीत.

यांतले काही उपाय फार जुने आहेत. वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदय’ या आयुर्वेदाच्या ग्रंथातील सूत्रस्थानाच्या 22व्या अध्यायात गंडूष आणि कवल यांचा विधी सांगितला आहे. द्रव तोंडात गच्च भरून न हलवता धरणे म्हणजे गंडूष, तर तो तोंडात खेळवता येईल इतकाच घेणे म्हणजे कवल. मधाचा गंडूष तोंडातले व्रण भरून आणतो आणि दाह व तहान शमवतो, असेही तेथे म्हटले आहे. मात्र हा विधी द्रव तोंडात धरून नंतर थुंकू शकणाऱ्या माणसासाठी आहे. ज्याला मान उचलवत नाही आणि गिळताना ठसका लागतो, त्याच्या बाबतीत तोच मध किंवा तेच तेल श्वासनलिकेत उतरण्याचा धोका असतो, आणि जुना उपाय जसाच्या तसा उचलताना नेमके हेच नजरेआड होते.

1967 मध्ये सिसिली सॉन्डर्स यांनी लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस हे मरणासन्न रुग्णांसाठीचे शुश्रूषागृह सुरू केले आणि मरणासन्न रुग्णाची शुश्रूषा हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय होऊ लागला. त्या काळी रुग्णालयांत लिंबू आणि ग्लिसरीनमध्ये भिजवलेले बोळे सर्रास वापरले जात. लिंबाने लाळ सुटते आणि ग्लिसरीनने ओलावा टिकतो, हा त्यामागचा समज. प्रत्यक्षात आम्लाने दातांचे कवच झिजते, सुटलेली लाळ थोड्याच वेळात ओसरते आणि ग्लिसरीन ओलावा ओढून घेऊन तोंड उलट कोरडे करते. हे लक्षात येऊनही ते बोळे वर्षानुवर्षे वापरात राहिले, याची खंत वाटते. जिभेवरचा थर सैल करण्यासाठी अननसाची फोड चघळायला देण्याची पद्धतही अशीच रूढ झाली. त्यातले ब्रोमेलेन हे विकर (एन्झाइम) प्रथिने तोडते खरे, पण डबाबंद अननसात ते उष्णतेने नष्ट झालेले असते आणि ताज्या अननसाचे आम्ल तोंड आलेल्या रुग्णाला झोंबते.

पुढे कर्करोगाच्या उपचारांत तोंड येण्यावर चाचण्या झाल्या. 1996 मधील 164 रुग्णांच्या चाचणीत कॅमोमाइल या औषधी फुलाच्या गुळण्यांचा फायदा दिसला नाही. 2000 मध्ये मीठ-सोड्याचे पाणी, क्लोरहेक्सिडिन हे जंतुनाशक आणि गुळण्यांसाठीचे औषधांचे मिश्रण यांची तुलना झाली, तेव्हा तिन्हींत ठळक फरक आढळला नाही. मग सर्वांत स्वस्त असलेले मीठ-सोड्याचे पाणी निवडायला हरकत कशाला असावी? 2003 मध्ये मलेशियात 40 रुग्णांवर झालेल्या चाचणीत मधामुळे किरणोपचारांनी तोंड येण्याची तीव्रता कमी झाली. या चाचण्या उपचार चालू असलेल्या रुग्णांवरच्या होत्या. शेवटच्या दिवसांतल्या कोरड्या तोंडात, जिथे लाळच नसते, तिथे साखरेने भरलेला मध दातांना चिकटून राहतो. म्हणून तो तिथे सरसकट लावू नये, असे माझे मत आहे.

शेवटच्या दिवसांबद्दल अधिक बोलकी नोंद 1994 ची आहे. केवळ आरामदायी शुश्रूषा मिळणाऱ्या 32 रुग्णांच्या त्या अभ्यासात तहान आणि कोरडेपणा बहुधा थोड्याशा पाण्याने, बर्फाच्या तुकड्यांनी आणि ओठांना ओलावा लावल्याने शमला. रुग्णाला कुशीवर वळवावे, मऊ बोळा पाण्यात बुडवून नीट पिळावा, आधी ओठ आणि मग गालांची आतली बाजू ओली करावी, पुन्हा तोंड सुकण्याआधी हे परत करावे. कुठलेही तेल किंवा मध न वापरता हे करता येते, आणि रुग्ण शुद्धीवर नसतानाही करता येते.