निधिवनातली झाडं खरंच तुळशीची?

वृंदावनच्या निधिवनातली वाकडी, जोडीजोडीची झाडं म्हणजे तुळशी, रात्री त्यांच्या गोपी होतात, रासलीला पाहणारा वेडा होतो, असा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. पण तुळस हे छोटं झुडूप, क्वचितच कमरेच्या वर जाणारं. त्याचे एवढे बुंधे होत नाहीत. एकाच मुळापासून दोन-तीन खोडं फुटणं कोरड्या प्रदेशातल्या झाडाझुडपांत नेहमीचंच.

निधिवनातल्या रंगमहाल या छोट्या मंदिरात रोज रात्री कृष्णासाठी मांडलेली शेज, पान, दातवण ही शयनसेवा, म्हणजे देवाला निजवण्याची सेवा आहे. पंढरपूरला विठोबाचीही शेजारती होतेच की! आणि वेडं होण्याचं म्हणाल, तर कृष्णभक्त संत-गायक स्वामी हरिदास याच वनात राहून साधना करत, ही त्यांच्या संप्रदायाचीच परंपरा. त्यांची समाधीही इथेच आहे. संध्याकाळच्या आरतीनंतर दारं बंद होतात, ती देवाच्या विश्रांतीसाठी.